जाळीजवळचा कोळी

१. पाय मोजा. आठ असतील तर २ कडे जा. सहा असतील तर हे पुस्तक तुमच्या कामाचं नाही.

आठ होते. ताईने दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा नऊ भरले होते. नववा पाय म्हणजे बाटलीच्या काचेवरचा ओरखडा निघाला.

तर झालं होतं असं. ताई पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या प्रयोगशाळेत सहायक. पाण्याचे नमुने भरायचे, तपासायचे, फळ्यावर आकडे लिहायचे, यात तिची पंधरा वर्षं गेली. तिचा धाकटा भाऊ त्याच प्लँटवर, पण अगदी तोंडाशी, म्हणजे तळ्याचं पाणी जिथून आत येतं तिथे. तिथे एक मोठी लोखंडी जाळी आहे. पानं, पिशव्या, मेलेले मासे, एकदा तर अख्खी खुर्ची, सगळं त्या जाळीला अडतं आणि ते दिवसातून तीनदा हाताने काढायचं. हे काम त्याचं. तो सहा फूट उंच असल्यामुळे सगळा प्लँट त्याला बारक्या म्हणतो.

आज गुरुवार. सकाळी सात वाजता बारक्या उजवं मनगट धरून पंपघरात आला आणि पंपवाल्या काकांना म्हणाला, "कोळी चावला." डाव्या हातात तळहाताएवढा कोळी होता. मेलेला. काकांनी त्याच्याकडे बघितलं, कोळ्याकडे बघितलं, आणि आधी कोळ्याची व्यवस्था लावली. मग बारक्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. ताई नऊला कामावर आली तेव्हा टेबलावर बाटली होती आणि भाऊ नव्हता.

अकरा वाजता डॉक्टरबाईंचा फोन आला.

"तुमच्याकडे तो कोळी आहे म्हणे. तो कुठल्या जातीचा, तेवढं मला सांगा."

"मी पाणी तपासते हो, डॉक्टर."

"सूक्ष्मदर्शक आहे ना तुमच्याकडे? मग माझ्यापेक्षा तुमची सोय बरी आहे. नीट ऐका. हात कोपरापर्यंत सुजलाय, ताप आहे, आणि मनगटापासून वर एक लाल रेघ चढतेय. विषारी चावा असेल तर मी हाताला सुरी लावणार नाही, त्याने उलट बिघडतं. त्याला मोठ्या दवाखान्यात हलवेन. तीन तासांचा रस्ता आहे. पण आत पू असेल तर अगदी उलट. मग ते तीन तास घालवायचे नाहीत, इथेच उघडायचं. आता तो म्हणतो सातला चावलं. चार तासांत एवढा पू होत नाही. म्हणजे विषच धरून चालायचं. तरी मला खात्री हवी. गाडी एक वाजता निघेल."

"बरं," ताई म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

"आणि हातमोजे घालत नाहीत का हो तुमच्याकडे?"

"घालतात," ताई म्हणाली.

हे मात्र पटकन सुचलं.


२. कुठे सापडला? पाण्यापासून दहा पावलांच्या आत असेल तर ३ कडे जा. घरात सापडला असेल तर १९ कडे.

पाण्यापासून दहा पावलं कसली, पाण्यावरच.

पुस्तक प्रयोगशाळेच्या कपाटातलं. कव्हर केव्हाच गेलेलं, पहिली काही पानं दमट होऊन एकमेकांना चिकटलेली. पाण्याकाठचे जीव कसे ओळखायचे याचं होतं. प्रत्येक पायरीला प्रश्न, उत्तराप्रमाणे पुढची पायरी, आणि शेवटी नाव. ताईला अशी पुस्तकं आवडत. यात माणसाला ठरवावं लागत नाही, फक्त बघावं लागतं.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं.


३. आकार? पायांसह तळहाताएवढा असेल तर ४ कडे जा.

ताईने बाटलीबाहेरून आपला तळहात धरला. कोळी तेवढा होता. बारक्याच्या तळहाताएवढा नव्हता, पण बारक्याच्या तळहाताएवढं जगात फारसं काही नसतं.

लहानपणी तो या हाताने तिची वेणी ओढायचा. आता तो हात म्हणजे त्याची नोकरी, त्याचं घर, त्याच्या बायकोचा आधार. जाळी उपसणारी माणसं डोक्याने काम करत नाहीत. हात गेला तर बारक्या उरतो कुठे?

पुढे जा.


४. रंग? तपकिरी, दोन्ही कडांना फिकट पट्टा: ५ कडे जा. काळा, तकतकीत: थांबा, हात लावू नका, ११ कडे जा.

पांढरा.

ताईने बाटली उजेडात धरली, फिरवली, डोळे चोळले. तिसरा पर्याय पुस्तकात नव्हता. कोळी धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा होता. तिने बाटलीचं बूच काढलं आणि वास नाकात जाताच खिडकीकडे वळली.

"काका," तिने खिडकीतून हाक मारली. "हा कशात ठेवलात तुम्ही?"

काका पंपघराच्या दारातून हात पुसत आले. निवृत्तीला चार महिने उरलेले, म्हणून हल्ली सगळी कामं सावकाश. "कशात म्हणजे? क्लोरीनच्या पाण्यात. विषारी वस्तू, उघडी कशी ठेवू?"

"अहो, रंग उडाला त्याचा."

"उडणारच. कडक होतं." काकांनी बाटलीत डोकावलं. "अगं, तीस वर्षं इथे काहीही घाण आली की क्लोरीन. मला काय माहीत, याला कसलं पाणी लागतं ते."

दुसऱ्या कुठल्या कामाच्या जागी हे झालं नसतं. शेतावर रॉकेलमध्ये टाकला असता, घरात चपलेखाली गेला असता. पाण्याच्या प्लँटवर त्याला निर्जंतुक केलं.

ताईने फोटो काढून डॉक्टरबाईंना पाठवला. उत्तर आलं: *पांढरा कोळी मी जन्मात पाहिला नाही. पेशंटला विचारा.*

फोन भावजयीने उचलला. आवाज रडून बसलेला. "ताई, ते बोलतात मधेच, मधेच डोळे मिटतात. देते."

"अरे, कोळी कुठल्या रंगाचा होता?"

"काळा," बारक्या म्हणाला.

"नक्की?"

"पिवळट असेल."

"अरे, काळा की पिवळट?"

"ताई, तो चावत होता. मी काय त्याचे कपडे बघत बसू?" मग थोडं थांबून, हळू आवाजात, "तू नको एवढी खोलात जाऊ. कोळी होता, चावला. लिहून टाक तसं."

"मी कुठे काय लिहितेय? डॉक्टर विचारताहेत."

"मग सांग ना, कोळी."

फोन ठेवला तेव्हा पावणेबारा वाजले होते.


४. (पुन्हा) रंग ठरवता येत नसेल तर जिथे सापडला त्या जागी जाऊन तसाच दुसरा शोधा.

हे पुस्तकात छापलेलं नव्हतं. ताईने ते स्वतःच ठरवलं आणि जवळजवळ पळत जाळीपर्यंत गेली.

तळं शांत होतं. जाळीवर सकाळपासून कोणी हात फिरवला नव्हता, त्यामुळे पानांचा आणि पिशव्यांचा थर साचला होता आणि पाणी त्यातून कुरकुरत आत जात होतं. ताई कठड्यावर वाकली. आधी काही दिसेना. मग एका तरंगत्या पानाला पाय असल्याचं तिच्या लक्षात आलं.

कोळी पानावर बसला होता आणि पुढचे दोन पाय त्याने पाण्यावर अलगद टेकवले होते, नाडी बघावी तसे. तपकिरी. दोन्ही कडांना साईच्या रंगाचा पट्टा. ताईची सावली त्याच्यावर पडली मात्र, तो पाण्यावरून चार पावलं सरळ धावला आणि जाळीच्या गजाला धरून पाण्याखाली उतरला. बुडाला नाही. उतरला. जिन्यावरून उतरावं तसा.

तपकिरी, पट्टा. ५ कडे. तिने पुस्तक उघडून ५ आणि त्यापुढचं भराभर वाचलं. डोळ्यांची मांडणी अमुक असेल तर ६, आणि ६ म्हणजे मासेमार कोळी: *पाण्यावर धावतो, किडे आणि पिटुकले मासे धरतो, माणसाला क्वचितच चावतो, चावल्यास थोडी आग होते.*

थोडी आग. कोपरापर्यंत सूज नाही. लाल रेघ नाही.

म्हणजे बाटलीतला हा नव्हेच? की हाच, पण पुस्तक चुकतंय? ताई कठड्याला टेकून उभी राहिली. तिथे खांबाला जाळीचं कार्ड लटकवलेलं असतं. साफ केल्यावर तारीख, वेळ आणि सही. नजर कुठेतरी ठेवायची म्हणून तिने ती कार्डावर ठेवली.

सोमवार सकाळ, बारक्याचं गोल, शाळकरी अक्षर. सोमवार दुपार, तेच. सोमवार संध्याकाळपासून अक्षर वाकडं झालं होतं. मंगळवारी तीनही वेळा वाकडं. बुधवारी वाकडं, आणि सही म्हणजे नुसती एक लाट. पहिलीतल्या पोराने लिहावं तसं. किंवा उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने.

आणि कार्डाच्या खाली, जाळीच्या कडेची एक गंजकी तार तुटून वर आली होती. तिच्या टोकाला कोणीतरी निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. जाड, चार-पाच वेढे. दुसऱ्या कोणाला लागू नये अशी.

ताईने ती पट्टी बोटाने दाबून बघितली. मग परत फिरली. वाटेत ती स्वतःशी काहीच बोलली नाही. बोलली असती तर ते ऐकावं लागलं असतं.


५. डोळे. भिंगाखाली पाहा. आठ डोळे दोन ओळींत, मागची ओळ वाकलेली: ६ कडे जा.

साडेबारा. ताईने चिमट्याने कोळी बाहेर काढला. बाहेर काढताना तिला आठवलं की तो सकाळपासून तरंगतच होता, बुडाला नव्हता. चिमट्यात त्याला वजन नव्हतं. कांद्याच्या सालीला असतं तेवढंसुद्धा.

काचेवर ठेवला. भिंग खाली आणलं. मागची ओळ वाकलेली. आठ डोळे. पण ते डोळे बघत नव्हते. म्हणजे मेलेल्याचे डोळे बघत नाहीतच, पण हे तसेही नव्हते. चष्म्यातून काचा काढाव्यात आणि त्यातून भिंत दिसावी तसे. तिने सुईने डोक्याला जरा धक्का दिला आणि डोक्याचं झाकण उघडलं. खरंच झाकण. डब्याचं उचलावं तसं ते एका कडेने वर आलं.

आत कोणी नव्हतं.

पाय पोकळ. पोट म्हणजे सुरकुतलेला एक पापुद्रा. दातांची नुसती खोळ. ताई भिंगावरून उठली, पुस्तक घेतलं, आणि पहिली चिकटलेली पानं नखाने, मग सुरीने, मग दोन्हीने सोडवली. दुसरं पान अर्धं फाटलं. तिसऱ्यावर ते होतं.


०. सुरुवात करण्याआधी: हातात आहे तो कोळी आहे, की त्याची कात? वाढताना कोळी जुनं अंग टाकून जातो. डोक्याचं झाकण उचलून आत पाहा. पोकळ असेल तर तो कोळी जिवंत आहे आणि दुसरीकडे आहे.

पावणेएक.

कात चावत नाही.

बारक्याला हे माहीत होतं का? त्याला मेलेला कोळी वाटला असणार. कठड्यावर चिकटलेली कात दिसली, आणि सकाळी सात वाजता, हात सुजून भप्प झालेला, अंगात ताप, त्याच्या डोक्यात आलं असणार: हा चावला म्हणू.

का, ते ताईला कोणी सांगायची गरज नव्हती.

टेबलाच्या खालच्या खणात एक वही आहे, सुरक्षा साहित्याची. गेल्या महिन्यात तपासणी होती. मोठे साहेब म्हणाले होते, "माल येतोच आहे, सही करून ठेवा." ताईने केली. हातमोजे, रबरी, लांब, अकरा जोड, वाटप झाले. खाली तिची सही, तिच्या हातची, तिच्या शाईची. माल आला नाही. बारक्याने एकदा विचारलं होतं, "ताई, मोजे?" ती म्हणाली होती, "येतील रे." तो म्हणाला होता, "बरं."

तार टोचली म्हटलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मोजे कुठे होते. दुसरा आला असता, वही आणा. कोळी चावला म्हटलं की प्रश्नच संपतात. कोळ्याला कोण वही मागणार? तीन दिवस त्याने डाव्या हाताने कचरा काढला, डाव्या हाताने लिहिलं, आणि हात ऐकेना तेव्हा हा कोळी हुडकला.

मूर्ख, ताई मनात म्हणाली. मूर्ख, गाढव, सहा फुटी बावळट.

काका दारात उभे होते. "सापडलं का नाव?"

"काका, त्याचा हात सोमवारपासून दुखत होता का?"

काकांनी डोकं खाजवलं. "चहाचा कप डाव्या हाताने धरत होता खरा. मी म्हटलं, काय रे, नवीन थाट? म्हणाला, उजवा हात रजेवर आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यानेच नाही सांगितलं, तर मी कोण सांगणार?" काकांनी खुर्ची पुढे ओढली. "अगं, बस खाली. पांढरी पडलीस त्या कोळ्यासारखी."

ताई बसली नाही. घड्याळात बारा एक्कावन्न. पंधरा वर्षं नोकरी. मुलीची परीक्षा तोंडावर. सही खोटी निघाली की साहेब हात वर करणार, कारण साहेबांनी तोंडी सांगितलं होतं आणि तोंडी सांगितलेलं वहीत उमटत नाही. दुसरं काही तरी सांगता येईल. कोळी बिनविषारी आहे, एवढंच सांगितलं तर? मासेमार कोळी, थोडी आग होते. खोटंही नाही. पण मग डॉक्टरबाई म्हणतील, चार तासांत पू होत नाही. मग दुसरं विष शोधतील. मग गाडी. मग तीन तास.

तिने दोन मिनिटं यात घालवली. नंतर कितीदा तरी तिला ती दोन मिनिटं आठवत राहिली.


६.

"डॉक्टर, चावा नाही तो."

"कशावरून?"

"कोळी नव्हताच. नुसती कात होती. त्याला तार टोचलीय. आज नाही, सोमवारी दुपारी. तीन दिवस झाले."

"तो तर सात वाजता म्हणाला."

"खोटं बोलला. माझ्यासाठी. हातमोजे नव्हते त्याला. मी दिले नाहीत आणि दिल्याची सही केली."

"बाई, ते मला नका सांगू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तार गंजलेली होती?"

"हो."

"तळ्याच्या पाण्यातली?"

"कचऱ्यातली."

"ठेवा फोन." आणि फोन ठेवण्याआधी त्यांचा आवाज दुसरीकडे वळलेला ताईला ऐकू आला, "गाडी थांबवा. टेबल तयार करा."


(इथे पायरी नाही.)

एक ते अडीच या वेळात ताईने तीन नमुने तपासले. तिन्ही पुन्हा तपासले, कारण आकडे लिहायला गेली की डोक्यातून निघून जात. काकांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला, मग त्यांनीच पिऊन टाकला. एकदा ती जाळीपर्यंत जाऊन आली. कोळी पुन्हा पानावर आला होता, पुढचे दोन पाय पाण्यावर टेकवून. त्याला कशाचीच कल्पना नव्हती.

अडीचला भावजयीचा फोन. "उघडला हात. खूप घाण निघाली, ताई. डॉक्टर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर..." पुढचं तिला बोलता आलं नाही. "ताप उतरतोय. मधलं बोट हलत नाही अजून. दोन दिवस बघू म्हणाल्या. त्यांना बोलायचंय तुमच्याशी."

"ताई," बारक्या म्हणाला. जीभ जड, गुंगीतली. "तू सांगितलंस?"

"हो."

"कशाला गं? चांगलं कोळ्यावर ढकललं होतं."

"तुझा कोळी आतून रिकामा होता."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या वेळी आत कोणी आहे का बघून आळ घे."

तो हसला की कण्हला, कळलं नाही. मग म्हणाला, "आता तुझं काय?"

"माझं मी बघते. तू बोट हलव."


अपघात नोंद

तारीख: सोमवार. (आधी गुरुवार लिहिलं, मग खोडलं.)

वेळ: दुपार, जाळीच्या दुसऱ्या सफाईनंतर.

जागा: आत येणाऱ्या पाण्याची जाळी, डावी कड.

कारण: तुटलेली तार. कामगाराकडे हातमोजे नव्हते. वहीतली वाटपाची नोंद खरी नाही, ती मी केली आहे.

इतकं लिहायला ताईला पंधरा मिनिटं लागली. 'मी' या शब्दावर पेन दोनदा अडलं. मग तिने खणातली ती दुसरी वही काढली, अकरा जोडांच्या ओळीवरून एक सरळ रेघ मारली, ती नोंदीखाली ठेवली, आणि काकांना हाक मारली.

"साक्षीदाराची सही लागते, काका."

काकांनी चष्मा शोधला. तो त्यांच्या डोक्यावरच होता. पेन हातात घेऊन त्यांनी जागा विचारली, "इथे?"

"इथे. पण आधी वाचा."

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात?"

"वाचा, काका," ताई म्हणाली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "सगळं वाचा. मग सही करा."

काका बसले. बोट ओळीखाली धरून, हळूहळू, त्यांनी पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.